जुने आउटबोर्ड इंजिन चालते करताना: दोरी ओढण्याआधी आणि नंतर

जुने आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचे इंजिन, हाती लागले की पहिला मोह होतो दोरी ओढून बघण्याचा. भोवती चारजण जमलेले असतात. कुणीतरी प्लगच्या भोकात झाकणभर पेट्रोल ओततो, "मार रे एक हिसका" म्हणतो, आणि नशीब असेल तर इंजिन सहा-सात सेकंद भडाभडा ओरडतेसुद्धा. सगळे खूश. तेवढ्या वेळात वर्षानुवर्षे वाकून कडक झालेल्या रबरी इम्पेलरच्या (इंजिन थंड ठेवणारे पाणी वर ढकलणाऱ्या चाकाच्या) पात्या तुटतात, सिलिंडरमधला गंज रिंगांना ओरखडत जातो, आणि गिअरपेटीत तेलाच्या जागी खारे पाणी असेल तर तेच दातांवर घुसळले जाते.

मीही हेच केले होते. मुंबईच्या दारूखान्यात, जहाजतोडीच्या भंगारात, १० हॉर्सपॉवरचे एक जुने जॉन्सन मिळाले. घरी आणल्या दिवशीच हिसका मारला. इंजिन बोलले, मी नाचलो, आणि पुढचे दोन महिने पाण्याच्या नळीत अडकलेले रबराचे तुकडे शोधत बसलो. तेव्हा पुढे जो क्रम दिला आहे तो कंटाळवाणा वाटला तरी तसाच ठेवा: आधी ओळख, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), मग ठिणगी, मग पेट्रोल, मग खालचा पाय (पंखा म्हणजे प्रॉपेलर, गिअरपेटी आणि पाण्याचा पंप असलेला भाग). सुरू करण्यासाठी दोरी सगळ्यात शेवटी.

इंजिन कोणते, सालाचा घोळ काय

इथे जे सांगतो आहे ते प्रामुख्याने १९५० आणि १९६० च्या दशकातल्या जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनांबद्दल. आज आपल्या धक्क्यांवर जपानी इंजिनेच जास्त दिसतात. त्यांनाही तपासाची रीत हीच लागू पडते, आकडे मात्र वेगळे.

ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत आपली आउटबोर्ड विकायला काढली. पुढे १९३६ पासून एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावे एकाच कंपनीकडे आली, त्यामुळे ५०-६० च्या दशकांत झाकणाचा रंग वेगळा आणि आतला माल सारखाच असा प्रकार झाला. आपल्या दृष्टीने हे फार सोयीचे आहे. मूळ कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली आणि एव्हिनरूडचे उत्पादन २०२० च्या मे महिन्यात कायमचे थांबले, तरी या इंजिनांचे मॅग्नेटोचे (बॅटरीशिवाय ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे) सामान इतकी वर्षे एकाच नमुन्याचे होते की कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, इम्पेलर आजही दुसऱ्या कंपन्या नवे बनवतात. परदेशातला नातेवाईक सुट्टीवर येणार असेल तर मिठाई नको म्हणा, इम्पेलर मागवा.

होडीच्या फळीला अडकवायच्या क्लॅम्पवर एक छोटी पट्टी असते. तिच्यावरचा मॉडेल नंबर आधी उतरवून घ्या, तो घासला गेला तर पुढे सगळे अंदाजपंचे. नंबरावरून साल कळते, आणि सालावरून पेट्रोलात तेल किती हे ठरते. १९६३ पर्यंतच्या या इंजिनांना साधारण २४ ला १, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला सुमारे २१० मिलिलिटर तेल. १९६४ पासूनच्या बहुतेक मॉडेलना ५० ला १, म्हणजे ५ लिटरला १०० मिलिलिटर. जुन्या इंजिनात काही बेअरिंगे साधी, बुशाची असतात. त्यांना कमी तेलावर चालवले तर धूर कमी होतो खरा, पण इंजिनही लवकर संपते.

तेल कोणते? डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेले. स्कूटरचे २टी तेल घालू नका. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी केलेले असते. आउटबोर्डला समुद्राचे थंड पाणी मिळते, आणि स्कूटरच्या तेलातली राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते.

हत्यारे

अमेरिकन इंजिन म्हणजे इंची बोल्ट. मिलिमीटरचा पाना "बसतोय की" म्हणून लावलात की नटाचे कोपरे गोल झाले म्हणून समजा. ३/८, ७/१६, १/२ आणि ९/१६ इंची पाने आधी मिळवा. शिवाय हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), कॉम्प्रेशन गेज, साधा मल्टिमीटर आणि फ्लायव्हील (इंजिनाच्या माथ्यावरचे जड चाक) काढायचा तीन बोल्टांचा पुलर.

खाऱ्या पाण्यातल्या इंजिनाचे बोल्ट निघत नाहीत, ही तक्रार सगळ्यांचीच. अॅल्युमिनियमच्या घरात स्टीलचा बोल्ट आणि मध्ये मीठ, म्हणजे पांढरी पूड धरून दोघे एकजीव होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. सकाळी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे हलके टोले द्या, आधी किंचित आवळा, मग सोडवा. अडला तर आजूबाजूचे अॅल्युमिनियम हीट गनने तापवा, कारण ते स्टीलपेक्षा जास्त फुगते आणि पकड सोडते. नुसती ताकद लावली तर डोके तुटून हातात येते, आणि मग उरलेला दिवस ड्रिलच्या संगतीत जातो. परत बसवताना प्रत्येक बोल्टाला ग्रीस किंवा अँटी-सीझ लावा.

कॉम्प्रेशन: पैसे घालायचे की नाही

दोन्ही प्लग काढा. प्रत्येक भोकातून चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडा, एक रात्र जाऊ द्या, मग फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवून पाहा. फिरत नसेल तर घाई नको. तेलाने आठवडाभरात सुटलेली इंजिने मी पाहिली आहेत.

मोकळे फिरू लागले की दोन्ही प्लग बाहेरच ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, गेज लावून पाच-सहा वेळा दोरी ओढा. हे काम इंजिन सुरू न करता होते, पण इम्पेलरला कोरडे घासायचे नसेल तर पाय पाण्याच्या पिंपात बुडवा. आकडा किती आला यापेक्षा दोन सिलिंडरांमध्ये फरक किती, हे महत्त्वाचे. १० ते १५ टक्क्यांच्या आत असेल तर पुढे चला. एक सिलिंडर ८० पीएसआय आणि दुसरा ४५ दाखवत असेल तर रिंग चिकटलेली, गॅस्केट फुटलेले किंवा भिंतीवर ओरखडे, तिन्हींपैकी काहीतरी आहे.

कॉम्प्रेशन बरे असेल तर हेड उघडू नका. "बघूया तरी आत" म्हणून हेडचे बोल्ट सोडवायला गेलेल्यांपैकी निम्मे लोक तुटलेले बोल्ट घेऊन परततात. उघडणे भागच असेल तर नवे गॅस्केट आधी मागवा, आणि हेडचा तळ जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून सपाट करून घ्या.

ठिणगी

चांगल्या कॉम्प्रेशनचे जुने इंजिन बोलत नसेल तर दहातले आठ वेळा दोष फ्लायव्हीलखाली असतो. बॅटरी नाही, काही नाही. फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला चुंबक, खाली दोन कॉइल, दोन पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), दोन कंडेन्सर. प्रत्येक सिलिंडरचा संसार वेगळा.

आधी तपासा. प्लगच्या वायरीचे टोक आणि इंजिनाच्या धातूमध्ये ६ मिलिमीटरची फट ठेवा. लाकडाच्या तुकड्यावर दोन खिळे ठोकूनही हा तपास जमतो. दोरी ओढली की निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी उडाली पाहिजे. पिवळी, बारीक, कधी येते कधी नाही, अशी ठिणगी उघड्या हवेत दिसली तरी सिलिंडरच्या दाबाखाली विझते. प्लगच्या भोकांत कापडाचे बोळे घाला. त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि तुम्ही शेजारीच ठिणगी पाडत आहात.

ठिणगी नसेल तर फ्लायव्हील काढायचे. मधला नट सोडवा, पुलरचे तीन बोल्ट फ्लायव्हीलवरच्या तीन भोकांत आवळा, मधला स्क्रू फिरवत ताण द्या. सुटले नाही तर पुलरच्या मधल्या स्क्रूवर हातोडीचा एक नेमका टोला. "टक्" असा आवाज होतो आणि ते सुटते. फ्लायव्हीलच्या कडेखाली पहार घालून उचकटू नका. कड वाकते, चुंबक तडकतो, आणि त्याला औषध नाही.

आत पाहिलेत की कॉइलच्या वेष्टणावर भेगा दिसतील. या जुन्या मॅग्नेटोची ही ठरलेली व्याधी. वेष्टण वयाने तडकते, ओल आत जाते, ठिणगी प्लगपर्यंत न पोहोचता आतल्या आतच निसटते. भेग दिसली की कॉइल बदलायची. डिंक, एम-सील, इन्सुलेशन टेप हे सगळे प्रयोग माझे करून झाले आहेत. एकही पावसाळा टिकला नाही. नवी कॉइल बसवताना तिच्या लोखंडी पट्ट्यांच्या कडा खालच्या प्लेटवरच्या घडीव कडांशी एका पातळीत आणा. बाहेर आली तर चुंबकाला घासते, आत गेली तर ठिणगी मरते.

मग पॉइंट. फ्लायव्हील काढलेले असताना त्याचा नट तात्पुरता उलटा लावून शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवा. पॉइंटची टाच कॅमच्या सर्वांत उंच भागावर आली की फट ०.०२० इंच, गॅरेजच्या भाषेत वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. फिलर गेज हलके अडकत सरकले पाहिजे. नवे पॉइंट असले तरी त्यांच्यावर कारखान्याचा तेलकट थर असतो. लग्नपत्रिकेचा जाड कागद स्पिरिटमध्ये भिजवून दोन्ही टोकांमध्ये ओढा, मग कोरडा तुकडा ओढा. ही पायरी गाळल्यामुळे "नवे सामान घातले तरी ठिणगी नाही" म्हणणारे लोक मी धक्क्यावर वरचेवर भेटतो. या इंजिनांत टायमिंगचे वेगळे काम जवळजवळ नसते. पॉइंटची फट हेच टायमिंग, म्हणून दोन्ही सिलिंडरांची फट अगदी सारखी हवी.

प्लगच्या वायरी तांब्याच्या तारेच्याच घ्या. हल्लीच्या गाड्यांच्या वायरीत आत कार्बनचा धागा असतो आणि या कॉइलला टोचून बसणाऱ्या टोकाशी त्याचा नीट संपर्क होत नाही. प्लग चॅम्पियनचा जे६सी, फट ०.०३० इंच.

फ्लायव्हील परत चढवताना शाफ्टचा निमुळता भाग स्पिरिटने पुसून अगदी कोरडा करा. तिथे ग्रीस लावायचे नाही. बाजूची छोटी चावी खाचेत नीट बसली आहे ना, बघा. फ्लायव्हीलला खरी पकड निमुळत्या भागाची असते, चावी फक्त जागा दाखवते. नट सैल राहिला तर चावी कापली जाते, टायमिंग सरकते, आणि दोरी हातातून उलटी हिसकली जाते.

फ्लायव्हील बाहेर आहेच तर इंजिन बंद करायचे बटणही लावून घ्या. यातल्या बऱ्याच इंजिनांना ते नसते. लिव्हर "स्टॉप"वर आणायची, नाही थांबले तर चोक ओढायचा, एवढीच सोय. एकटे होडीत असताना तोल गेला तर इंजिन होडी घेऊन निघून जाते. दोन्ही पॉइंटच्या वायरी बटणाकडे आणा आणि बटणाने त्या एकमेकींना जोडा, इंजिनाच्या बॉडीला नव्हे. दोनांपैकी एक पॉइंट नेहमी मिटलेला असतो, तो दुसऱ्याची ठिणगी आपोआप बॉडीत घालवतो. याच बटणाला मनगटात अडकवायची दोरी असलेले मॉडेल मिळते, तेच घ्या.

पेट्रोल

२०२३ पासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि आता सगळीकडे तेच आहे. जुन्या इंजिनाला याचा त्रास तीन ठिकाणी होतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि आतून सुटतात. कार्बोरेटरमधला तरंगणारा फ्लोट बुचाच्या लाकडाचा असतो, त्यावरचे जुने वार्निश विरघळते आणि फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो. आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेतून इथेनॉल ओल शोषते. ओल ठराविक हद्दीपलीकडे गेली की इथेनॉल-पाणी खाली आणि पेट्रोल वर असे दोन थर पडतात. इंजिन खालच्या थरातूनच पिते. म्हणून नळ्या नव्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या, फ्लोट नव्या नमुन्याचा घ्या, आणि पेट्रोल तेवढ्यापुरतेच मिसळा. महिन्याभरापूर्वीचे उरलेले मिश्रण जुन्या इंजिनात घालू नका.

आता टाकीची गोष्ट, ज्यात नवशिके हमखास फसतात. १९४९ मध्ये आलेल्या जॉन्सन क्यूडी मॉडेलला पुढे-न्यूट्रल-मागे असा गिअर आणि वेगळी टाकी होती, पण पेट्रोलचा पंप नव्हता. इंजिन क्रँककेसमधला (पिस्टनखालच्या बंद पेटीतला) दाब एका नळीने टाकीत सोडते, तो दाब दुसऱ्या नळीने पेट्रोल वर ढकलतो. म्हणून त्या टाकीची नळी दुहेरी असते. तिला आजची एकेरी नळीची टाकी जोडून "पेट्रोल चढत नाही" म्हणून रडण्यात अर्थ नाही. जुन्या दाबाच्या टाकीचे झाकण, वॉशर आणि नळ्या पक्क्या नसतील तर ती वापरूच नका. दाबाखालचे पेट्रोल होडीत गळणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. वाकबगार मेस्त्री क्रँककेसच्या दाबावर चालणारा छोटा डायफ्रॅम पंप बसवून इंजिन साध्या टाकीवर आणून देतात. जुने जपणाऱ्या मंडळींना ते आवडत नाही. मी केले आहे आणि शांत झोपतो.

कार्बोरेटर काढताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो घ्या. रबर, बूच आणि गॅस्केट बाजूला काढून बाकीचे पितळ-अॅल्युमिनियम कार्ब क्लीनरमध्ये भिजवा. जेटच्या भोकांत स्टीलची तार घालू नका, भोक मोठे होते. वायरीतला तांब्याचा एक बारीक धागा आणि दाबाची हवा पुरते. अनेक मॉडेलवर समोर दोन सुया असतात: एक कमी वेगाची, एक जास्त वेगाची. दोन्ही हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, आवळू नका, टोकाला खड्डा पडतो. मग कमी वेगाची दीड फेरा आणि जास्त वेगाची पाऊण ते एक फेरा बाहेर. बाकीचे बसवणे पाण्यात, इंजिन तापल्यावर.

खालचा पाय

गिअरपेटीच्या खालच्या बाजूला एक आणि वर एक असे दोन स्क्रू असतात. आधी खालचा काढा, मग वरचा. काळपट तेल आले तर ठीक. ताकासारखे पांढुरके आले तर पाणी शिरले आहे. आधी नुसते पाणी आणि मागून तेल आले तर सील गेले आहेत. ते बदलल्याशिवाय नवे तेल घालणे म्हणजे समुद्राला तेल पाजणे. भरताना नेहमी खालच्या भोकातून भरायचे, वरच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत. वरून ओतले तर हवा अडकते आणि पेटी अर्धी रिकामी राहते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घाला. सील चांगले असूनही पाणी बहुतेक तिथूनच जाते.

इम्पेलर बदलायचाच, कसाही दिसत असला तरी. पाय उतरवताना लक्षात ठेवा, गिअरची सळई मध्ये एका जोडाने वरच्या भागाशी बांधलेली असते. तो जोड सोडवायचा राहिला की पाय दोन बोटे खाली येतो आणि अडतो, आणि लोक रबरी हातोडा शोधायला जातात. पंपाच्या घरात इम्पेलर घालताना ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी लावा आणि शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवत घर खाली दाबा, म्हणजे पात्या योग्य बाजूला वाकतात. जुन्या इम्पेलरच्या पात्या मोजा. कमी भरल्या तर हरवलेली पाती वर नळीत आहे, ती काढल्याशिवाय पुढे जायचे नाही. माझे दोन महिने याच्यातच गेले.

पाय चढवताना शाफ्टच्या टोकावर दातांच्या बाजूंना ग्रीस, माथ्यावर नाही. माथ्यावर ग्रीसचा गोळा राहिला तर तो वर दबून शाफ्ट पूर्ण बसत नाही. पाण्याची तांब्याची नळी पंपाच्या रबरी तोंडात गेली की नाही हे टॉर्च घेऊन बघा.

शेवटी पंख्याची पिन. पंखा शाफ्टवर एका आडव्या पिनेने धरलेला असतो आणि खडकाला लागला की ती पिन तुटावी, असाच तिचा धातू निवडलेला असतो. तुटली म्हणून एकदा ओहोटीच्या वेळी मी स्टीलचा खिळा कापून घातला. पुढच्या खडकाला खिळ्याला काही झाले नाही. गिअरचे दोन दात गेले. तेव्हापासून मूळ नमुन्याच्या चार पिना, एक स्प्लिट पिन आणि एक पकड झाकणाच्या आत टेपने चिकटवलेल्या असतात.

आता दोरी

दोनशे लिटरचे पिंप, मोकळी जागा, धूर जाईल अशी. इंजिन पिंपाच्या काठावरच्या भक्कम फळीला आवळा आणि पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वीतभर वर येऊ द्या. पंखा काढून ठेवा. न्यूट्रल, चोक ओढलेला, थ्रॉटल "स्टार्ट" खुणेवर. दोरी आधी अडेपर्यंत हळू ओढायची, मग एकदम.

सुरू झाले की वेग वाढवू नका. पहिल्या दहा मिनिटांत पाहायची गोष्ट एकच, पाणी फिरते आहे का. आजच्या इंजिनांसारखी बाजूने उडणारी पाण्याची धार यातल्या बऱ्याच इंजिनांना नसतेच, तेव्हा ती शोधत घाबरू नका. पायाच्या मागच्या भोकांतून धुरासोबत पाण्याचा फवारा येतो, तो पाहा. चार मिनिटांनी हेडवर हात ठेवा: गरम लागेल, पण दोन-तीन सेकंद ठेवता आला पाहिजे. चटका बसून हात मागे आला, किंवा टाकलेला थेंब चर्र झाला, तर लगेच बंद.

नवा इम्पेलर असूनही तापत असेल तर आतल्या वाटा मिठाने आणि वाळूने बुजल्या आहेत. पाण्याची नळी वरून उलटी धुऊन काढा. काही मॉडेलना हेडमध्ये थर्मोस्टॅट असतो, तोही पाहा.

कुरकुर ऐकून ओळखणे

चोक ओढला तरच चालते, सोडला की मरते: पेट्रोल कमी मिळते आहे. जेट परत साफ करा, कार्बोरेटरखालचे गॅस्केट हवा खाते का बघा. कार्बोरेटरमधून "फट्" शिंकते: तेही तेच, कमी वेगाची सुई पाव फेरा उघडा. उलट, धुराने डोळे चुरचुरतात, प्लग ओले आणि काळे: सुई जास्त उघडी किंवा फ्लोट जड झाला आहे.

पाच मिनिटे झकास चालून मरते. हा सगळ्यांत छळणारा दोष. मेल्या मेल्या, इंजिन गरम असतानाच ठिणगी बघा. ठिणगी गेलेली असेल तर कॉइल तापल्यावर दम तोडते आहे. थंड झाल्यावर तपासलीत तर ती शहाण्यासारखी वागेल आणि तुम्ही कार्बोरेटर उघडत बसाल. ठिणगी असेल तर टाकीकडे या. साध्या टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलेला असतो, तोही अनुभवी माणसाकडून.

इंजिन चालते पण जोर नाही, आवाज अडखळत: एकच सिलिंडर कामावर आहे. सावकाश चालू असताना रबरी हातमोजे घालून एकेक प्लगची टोपी काढून लगेच बॉडीला टेकवा. ज्याची काढल्यावर फरक पडत नाही तो सिलिंडर झोपलेला.

इंजिन बोंबलते, होडी जागची हलत नाही: पिन तुटली, किंवा पंख्याच्या मधले रबर सुटले. आधी पिन बघा.

वरचे काहीच लागू पडत नसेल तर पुन्हा ठिणगीपासून सुरू करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, कॉइल, पेट्रोल सगळे एकदम बदलून इंजिन सुरू झाले तर पुढच्या वेळी काय बदलायचे हे कळणार नाही.

खाऱ्या पाण्यानंतर

खाडीतून आल्यावर प्रत्येक वेळी पिंपात गोड्या पाण्यात पाच मिनिटे चालवा. मग पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामे होईपर्यंत चालू द्या. इंजिन नंतर उभेच ठेवा, आडवे टाकले तर पायातले पाणी सिलिंडरकडे उतरते.

इंजिन समुद्रात पडले, आणि कधी ना कधी पडतेच, तर वाळवत बसू नका. बाहेर काढल्यावर हवा लागली की मीठ लगेच काम सुरू करते. ताबडतोब गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढून सिलिंडरमधले पाणी दोरी ओढून बाहेर फेका, तेल सोडा आणि त्याच दिवशी सुरू करा. फ्लायव्हील अडत असेल तर जोर लावू नका, आतला दांडा वाकतो. त्या दिवशी काम करणे शक्य नसेल तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा. पाहणाऱ्याला वेड लागल्यासारखे वाटते, पण पाण्याखाली हवा फारच कमी, म्हणून गंजही मंदावतो.

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी म्हणजे आमच्या धक्क्यावर इंजिने उघडण्याचा हंगाम. मे अखेरीस शेवटची फेरी झाली की इंजिन चालू असतानाच कार्बोरेटरच्या तोंडातून टू-स्ट्रोक तेल थोडे थोडे सोडत जातो, ते पांढऱ्या धुरात गुदमरून बंद होईपर्यंत. गिअरपेटीचे तेल तेव्हाच बदलायचे, ऑगस्टमध्ये नाही. पाणी शिरलेले असेल तर ते दोन महिने बेअरिंगांवर बसू नये म्हणून. आणि रंगाचे काम जुलैत अजिबात काढू नका, तो या हवेत वाळत नाही.